शब्दांचें कूळ आणि मूळ : ‘सीझनिंग’

शब्दाची चौकशी करावयास निघालें असतां ती कोठें जाऊन थांबेल याचा नेम नसतो. या महिन्याचा शब्द आम्हांस स्वयंपाकघराच्या ओट्यावर सांपडला, आणि तो आम्हांस जेथें घेऊन गेला तेथें जाण्याची आमची मुळींच इच्छा नव्हती. तथापि बोट धरल्यावर अर्ध्या वाटेवरून परतणें बरें नव्हे, म्हणून सर्व हकीकत क्रमानें सांगतों.

वैशाखाचे दिवस होते. मुलुंडच्या आमच्या बिऱ्हाडीं वर्षाच्या गोड्या मसाल्याची तयारी चालली होती. इमारतीच्या गच्चीवर धने, तीळ आणि खोबऱ्याच्या वाट्या उन्हांत पडल्या होत्या. घरांत दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, दालचिनी निवडण्याचें काम सौभाग्यवती आणि सूनबाई यांनीं वांटून घेतलें होतें. अशा वेळीं पुरुषांनीं स्वयंपाकघरांत पाऊल टाकूं नये हें आम्हांस पुष्कळ वर्षांच्या अनुभवानें ठाऊक आहे; पण भाजलेल्या खोबऱ्याचा वास माणसाला शहाणपण विसरावयास लावतो. ओट्याच्या कोपऱ्यांत, आदल्या रात्रीं नातवासाठीं बाहेरून मागविलेल्या पदार्थाबरोबर आलेली बोटाएवढी एक कागदी पुडी पडली होती. तिजवर इंग्रजींत ‘ओरेगानो सीझनिंग’ असें छापलें होतें. नातू इयत्ता सातवींत आहे. त्यानें पुडी उचलून विचारलें, “आजोबा, सीझन म्हणजे ऋतु ना? मग या पुडींत कोणता ऋतु भरला आहे?”

सूनबाई हंसल्या. आम्ही हंसलों नाहीं. हाच प्रश्न, थोड्या निराळ्या रूपानें, आमच्यापुढें पूर्वी एकदां आला होता, आणि त्या वेळीं आम्हीं त्याचें उत्तर कोश न उघडतां दिलें होतें. तें पुढें येईलच. या खेपेस मात्र कोश उघडले.

लॅटिन भाषेंत ‘सेरेरे’ म्हणजे पेरणें. त्यापासून ‘सातिओ’ हें नाम झालें. त्याचा अर्थ पेरणी. पेरणीचें नांव हळूहळू पेरणीच्या वेळेला लागलें, आणि हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंत ‘सेझों’ होऊन आला तेव्हां पेरणी मागें राहून वेळ तेवढी शिल्लक उरली. मग वर्षाचा कोणताही भाग तो सेझों, आणि पुढें कोणत्याही गोष्टीची योग्य वेळ ती सेझों. आपल्याकडे ‘सुगी’ हा शब्द असाच शेतांतून उठून शहरांत आला आहे. सुगी मूळची कापणीची. पण आज निवडणुका आल्या कीं छापखान्यांची सुगी, आणि परीक्षा जवळ आल्या कीं शिकवणीवाल्यांची. इंग्रजांनीं फ्रेंचांकडून तो शब्द उचलला आणि ‘सीझन’ केला. याच पेरण्याच्या कुळांत इंग्रजी ‘सीड’ म्हणजे बीं येतें, आणि आश्चर्य वाटेल, पण ‘सेमिनार’ हा शब्दही येतो. त्याचें लॅटिन मूळ ‘सेमिनारियुम’ म्हणजे रोपवाटिका. नोकरींत असतां आम्ही पुष्कळ सेमिनारांस हजर होतों. तेथें पेरलें काय जाई हें आठवत नाहीं. चहा मात्र वेळेवर येई.

आपल्या ‘ऋतु’ शब्दाचें कूळ निराळें, पण स्वभाव तोच आहे. ऋतु आणि ऋत हे भाऊ. ऋत म्हणजे जें जेथें व जेव्हां असावयाचें तें तेथें व तेव्हां असणें. आणि ऋतु म्हणजे नेमकी वेळ, विशेषेंकरून यज्ञाची. त्या वेळीं यजन करणारा तो ऋत्विज्. म्हणजे तिकडे पेरणीच्या वेळेवरून आणि इकडे यज्ञाच्या वेळेवरून, दोन्ही भाषा एकाच ठिकाणीं पोंचल्या : योग्य वेळ.

आतां मसाल्याकडे येऊं. फ्रेंचांनीं ‘सेझों’वरून एक क्रियापद केलें. त्याचा मूळ अर्थ पिकूं देणें, वेळेवर पक्व होऊं देणें. फळ आपल्या वेळेवर पिकलें म्हणजे रुचकर लागतें हें आंबे खाणाऱ्यास शिकवावयास नको. झाडावर पाड लागल्यावर उतरविलेला हापूस आणि चैत्रांतच घाईनें पिकविलेला हापूस यांत काय अंतर असतें तें पैसे दिल्यावर कळतें. तेव्हां ‘पिकविणें’ यापासून ‘रुचकर करणें’ हा अर्थ निघाला, आणि जेथें निसर्गानें रुचि आणली नाहीं तेथें ती मीठमिऱ्यानें आणावयाची, या वाटेनें तें क्रियापद पाकशाळेंत शिरलें. इंग्रजींत चौदाव्या शतकापासून तें या अर्थानें वावरत आहे. लांकडास लावावयाचा अर्थ सोळाव्या शतकांतला, म्हणजे बराच मागाहून आलेला. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तर एवढ्यानें झालें. पुडींत ऋतु नाहीं, ऋतूचें काम आहे. परंतु त्याचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. तो म्हणाला, “मग सीझन बॉलमध्यें कोणता मसाला असतो?”

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांतील मुलासच सुचावा. येथें चामड्याच्या टणक चेंडूस ‘सीझन बॉल’ म्हणतात, आणि जो मुलगा रबरी चेंडू सोडून सीझन बॉल खेळूं लागला तो आपणांस थोर समजतो. (त्यांतही गंमत अशी कीं, १९४८ सालीं सुरू झालेली येथील कांगा लीग भर पावसाळ्यांत क्रिकेट खेळण्यासाठींच प्रसिद्ध आहे, म्हणजे सीझन बॉल आणि सीझन नसलेला!) आमचे वडील रेल्वेच्या पासाला शेवटपर्यंत ‘सीझन तिकीट’ म्हणत, रेल्वेच्या दप्तरीं त्याचें तेंच नांव आजही आहे. आणि सुतार चौकटीसाठीं ‘सीझन केलेलें’ सागवान आणावयास सांगतो. तो शब्द पोकळ नव्हे. तोडलेल्या लांकडांत पाणी भरपूर असतें. तें सावकाश वाळवून काढलें नाहीं तर लांकूड आकसतें, पिळवटतें, चिरतें, आणि मुंबईच्या आषाढांत दार चौकटीला घट्ट बसतें. आम्हीं स्वतः एकदां घाई केली होती. त्या वर्षीं श्रावण लागेपर्यंत न्हाणीघराचें दार खांद्यानें लोटूनच उघडावें लागे. लांकूड, शिपाई, खेळाडू, वकील, ज्यानें ऊनपाऊस सोसला तो ‘सीझन्ड’. आपण त्यास मुरलेला म्हणतों, लोणच्यासारखा. म्हणजे स्वयंपाकघरांतूनच शब्द आणतों.

याच्या अगदीं उलट गोष्ट फारसीकडून आलेल्या ‘हंगाम’ या शब्दाची झाली आहे. हंगाम म्हणजेही वेळ, ऋतु. परंतु त्यावरून आपण ‘हंगामी’ केला आणि त्याचा अर्थ झाला तात्पुरता. इंग्रजींत ज्याच्यावरून ऋतु गेले तो सीझन्ड, पक्का. आणि मराठींत जो एका ऋतूपुरता आला तो हंगामी, कच्चा. सरकारी खात्यांत ज्यांनीं हंगामी म्हणून वर्षानुवर्षें काढलीं त्यांस हा भेद अधिक विस्तारानें सांगावयास नको.

पदार्थाला चव आणणाऱ्या इतर शब्दांकडेही जातां जातां पाहूं. इंग्रजी ‘सॉस’ आणि ‘सॅलड’ हे दोन्ही लॅटिन भाषेंतील मिठाच्या शब्दापासून निघाले. मूळ अर्थ खारवलेलें. आपल्या पूर्वजांनीं मिठाचा याहून मोठा गौरव केला. ‘लवण’ या शब्दावरून ‘लावण्य’ काढलें. ‘स्पाइस’ हा लॅटिन ‘स्पेसिएस’पासून आला, म्हणजे प्रकार, जाति, आणि आपला ‘जिन्नस’ अरबी ‘जिन्स’पासून, त्याचाही अर्थ जाति, प्रकार. दोहोंकडे व्यापाऱ्याच्या दुकानांत जातीचा माल झाला. ‘मसाला’ याची कुळी तर फार बोलकी आहे. अरबींत ‘मस्लहत’ म्हणजे हिताची गोष्ट. तिचें अनेकवचन ‘मसालिह’. तें फारसींतून आपणांकडे येतां येतां मसाला झालें. ज्यानें पदार्थाचें हित होतें तो मसाला! त्याच ‘मस्लहत’पासून मराठी ‘मसलत’ आली, आणि ‘सल्ला’ही त्याच धातूचा. म्हणजे डब्यांतला मसाला आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला हे एका घरचे आहेत. दोन्ही बेतानेंच द्यावयाचे, ही सौभाग्यवतींची टीप. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘मसाला’ याचा आणखी एक अर्थ आढळतो : सरकारी प्यादा ज्याच्या दारीं बोलावणें घेऊन जाई त्याच्याकडूनच वसूल करावयाचा पैसा. तो मसाला कोणास रुचकर लागत असेल असें वाटत नाहीं.

‘फोडणी’ मात्र आपली अस्सल. संस्कृत स्फुट् म्हणजे फुटणें, तडतडणें. त्यापासून स्फोटन, त्यापासून फोडणी. मोहरी फुटल्याचा आवाज त्या शब्दांत आहे. आमच्या शेजारीं गुजराथी कुटुंब आहे (मुलुंड आणि घाटकोपर येथें तें नसेल तरच नवल); त्यांच्याकडे फोडणीस ‘वघार’ म्हणतात, हिंदींत ‘बघार’. याचें मूळ संस्कृत ‘व्याघारण’ यांत मानितात. दर्शपूर्णमासांत अग्नीवर तुपाची धार धरतात तिला ‘आघार’ म्हणतात. त्याच घृ धातूचा तो शब्द, अर्थ शिंपडणें. तेव्हां कढत तुपांत जिरें टाकून वरणावर ओतणाऱ्या शेजारणीच्या तोंडीं, तिला नकळत, यज्ञशाळेंतला शब्द आहे. आम्हीं तिला तो सांगितला. ती म्हणाली, “हो का? मग मास्तरसाहेब, तुमची फोडणी कुठल्या वेदांतली?” आम्ही निरुत्तर झालों.

संस्कृतांत चव आणणाऱ्या वस्तूस ‘उपस्कर’ म्हणतात, वाटलेल्या मसाल्यास ‘वेसवार’, आणि भाताबरोबर खावयाच्या चटणीकालवणास ‘व्यंजन’. या शेवटल्या शब्दावर आमचें विशेष प्रेम आहे. वि आणि अंज् मिळून अर्थ होतो प्रकट करणें. भाताची दडलेली रुचि जें प्रकट करतें तें व्यंजन. आणि वर्णमालेंत क, ख, ग यांस तेंच नांव! चटणी जशी नुसती पानांत शोभत नाहीं, भात लागतोच, तसा क् स्वरावांचून उच्चारतां येत नाहीं. ही तुलना व्याकरणाच्या तासाला आमच्या फार उपयोगीं पडे. निदान मधल्या सुट्टीच्या आधींच्या तासाला तरी मुलें लक्ष देऊन ऐकत.

परंतु ‘सीझनिंग’ या शब्दाला खरा तोलाचा शब्द ‘संस्कार’ हाच. संस्कार म्हटला म्हणजे आपणांस मुंज आणि विवाह आठवतात. पाणिनीनें मात्र खाद्यपदार्थांच्या संदर्भांत संस्काराचा विचार दोन ठिकाणीं केला आहे, आणि ‘ज्यानें संस्कार केला’ त्या वस्तूच्या नांवास प्रत्यय लावून शब्द कसे साधावे तें सांगितलें आहे. दह्यानें संस्कारलेलें तें दाधिक, मिऱ्यानें संस्कारलेलें तें मारीचिक. चरकसंहितेच्या विमानस्थानांत आहाराचा विचार करतांना संस्कार म्हणजे पदार्थांत मूळच्याहून निराळा गुण आणणें असें सांगून त्याचीं साधनें दिलीं आहेत. त्यांत पाणी आहे, अग्नि आहे, घुसळणें आहे, सुवास देणें आहे, भांडें आहे, आणि काळही आहे. वेळ हाही एक संस्कार! फ्रेंचांना ‘सेझों’वरून क्रियापद करतांना जें सुचलें तें आमच्या वैद्यानें त्याच्या कितीतरी आधीं यादींत मांडून ठेवलें होतें. हें वाचून आम्हांस झालेला आनंद नातवाला समजला नाहीं. तो सीझन बॉल घेऊन खालीं गेला होता.

आमच्या या उपनगरांत काळ आणि मसाला यांची गांठ वर्षांतून एकदां प्रत्यक्ष दिसते. चैत्र-वैशाखांत मिरच्या गच्च्यांवर पडतात, कांडपाच्या गिरणीपुढें डबे घेऊन रांगा लागतात, आणि सगळ्या आळीला शिंका येतात. मसाला पावसाआधीं झालाच पाहिजे. एकदां हवेंत ओल आली कीं धने वाळत नाहींत आणि केलेल्या मसाल्याला बुरशी धरते. ही घाई केवळ आपल्याच घरीं असते असें नव्हे. अंधेरीजवळचें मरोळ, बोरिवलीपलीकडील गोराई, तसेंच वसईकडे जे मराठी बोलणारे ख्रिस्ती राहतात, १८८७ सालापासून जे स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवितात, त्यांचा ‘बॉटल मसाला’ याच दिवसांत होतो. वीसपंचवीस जिन्नस उन्हांत वाळवून, एकेक निराळा भाजून, कांडून तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचें हें नांव. आमचे एक सहशिक्षक त्या समाजाचे होते. दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली कीं ते एक लहान बाटली कागदांत गुंडाळून आणीत आणि म्हणत, “गुरुजी, डाळींत घाला, डाळींत चालतो.” आमच्या मातुःश्रींनीं पहिल्या वर्षीं ती बाटली खिडकीबाहेर ठेविली होती. तिसऱ्या वर्षीं त्यांनींच विचारलें, “त्यांची बाटली आली नाहीं का रे अजून?”

येथें लेखांक पुरा करतां आला असता. परंतु आरंभीं जें पुढें सांगूं म्हटलें तें राहिलें आहे.

१९८७ सालची गोष्ट. आम्ही उपनगरांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत असूं. इंग्रजीचे शिक्षक दीर्घ रजेवर गेल्यामुळें नववीच्या एका तुकडीचे इंग्रजीचे तास तीन महिने, हंगामी म्हणून, आमच्याकडे आले. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. हें आम्हीं मुख्याध्यापकांस सांगितलें होतें. वर्गास सांगितलें नव्हतें. स्नेहसंमेलनासाठीं शेक्सपीअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील न्यायसभेचा प्रवेश बसवावयाचा होता. वकिलाच्या वेषांतील पोर्शिया शायलॉकपुढें दयेची थोरवी सांगते तें भाषण मुलांनीं मराठींत उतरवून आणावें असें आम्हीं सांगितलें. त्या भाषणांत दया आणि न्याय यांच्यामध्यें कवीनें हेंच क्रियापद घातलें आहे. बहुतेक मुलांनीं तो शब्द सोयिस्करपणें गाळला होता. घाटकोपरहून येणाऱ्या एका मुलानें मात्र न्यायाला ‘दयेची फोडणी’ असें लिहिलें होतें.

आम्हीं तें वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें आणि म्हटलें, “वा! मग शायलॉकला पापडही तळून वाढा.” वर्ग हंसला. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मी डिक्शनरींत बघून लिहिलंय.” आम्हीं उत्तर दिलें, “सीझन म्हणजे ऋतु, हें पांचवींतल्या पोरालाही ठाऊक आहे. बस खालीं.” लाल शाईनें ‘फोडणी’वर काट मारली, वर ‘ऋतु’ लिहिलें, आणि दोन गुण कापले. वाक्याचा अर्थ त्यामुळें काय होतो याचा विचार आम्हीं केला नाहीं. आतां केला तर कांहींच होत नाहीं. त्या दिवसापासून वर्गांत त्याचें नांव ‘फोडणी’ पडलें. दहावीच्या निरोपसमारंभांतही मुलांनीं त्यास त्याच नांवानें हांक मारलेली आम्हीं ऐकली. संस्कृतांत तो मुलगा चांगला होता. पूर्वी आमच्या तासाला त्याचा हात नेहमीं वर असे. तो पुन्हां वर गेला नाहीं. आमच्या तें तेव्हां लक्षांत आलें होतें, आणि मुलगा शिष्ट झाला असें आम्हीं मानलें.

परवां ऑक्सफर्डचा बृहत्कोश पाहिला. १८८४ पासून भागाभागानें निघून १९२८ सालीं पुरा झालेला हा ग्रंथ आम्हांस तेव्हां मिळाला नसता असें नव्हे. चार स्टेशनें पलीकडच्या ग्रंथालयांत तो असावयाचाच, आणि खिशांत सीझन तिकीट होतें. क्रियापदाचा पहिला अर्थ स्वयंपाकघरांतला आहे. शेक्सपीअरनें हें नाटक लिहिलें त्याच्या दोनएकशें वर्षें आधींपासून तो रूढ होता. मुलानें बरोबर लिहिलें होतें. आज विचाराल तर ‘फोडणी’पेक्षां ‘मुरणें’ आम्हांस अधिक जवळचें वाटतें. फोडणी वरून बसते आणि तिचा आवाज होतो, आणि पोर्शियाला अभिप्रेत असलेली दया न्यायाच्या आंत उतरून त्याची चवच पालटते. पण हा वाद दोन बरोबर उत्तरांमधला आहे. ‘ऋतु’ हें उत्तर त्या वादांत बसतच नाहीं.

नातवाला हें सर्व सांगितलें. त्यानें थोडा वेळ विचार करून विचारलें, “मग तुम्हीं त्याला सॉरी म्हटलं का?” आम्हीं म्हटलें, त्याचा पत्ता नाहीं.

तो आतां पन्नाशीच्या पुढें असेल. हें मासिक त्याच्या घरीं येत असेल, किंवा त्याचा एखादा वर्गबंधु हें वाचील, म्हणून लिहितों. नांव येथें छापणें योग्य नव्हे. जें नांव आमच्यामुळें पडलें त्यावरून तो ओळखील. ती वही आमच्यापाशीं नाहीं आणि शाळेनें जुनीं गुणपत्रकें ठेविलीं असतील असें वाटत नाहीं, पण दोन गुण आम्ही त्याचें देणें आहों. यंदाचा मसाला डब्यांत भरून झाला आहे. आमचा पत्ता संपादकांकडे मिळेल.